गोजाबाईच्या पावलांची चौकशी

श्रीवेताळ प्रसन्न. वाचणाराचें कल्याण असो, न वाचणाराचेंही असो. शके पंधराशें साठ, बहुधान्यनाम संवत्सरीं, धान्य बेताचेंच असतां, एका राज्यीं सेनापतींची डावी मिशी गळोन पडली. आणि बाजारीं झाडपाला विकणारी गोजाबाई तें पाहोन फिसकन हांसली. मग दिवाण भिकाजीपंत गर्जले, "ही बया चेटकीण! शाबीत होतांच झोंपडी जाळावी, शेरड्या सरकारजमा कराव्या, इला नदीपार हांकलावी." नवरा गेलियावर झोंपडी आणि शेरड्या एवढाच गोजाबाईचा संसार होता.

चेटकिणीचीं पाउलें उलटीं, हें सर्वांस ठाउकें. परंतु तिचे पाय पाहील तो आंधळा होईल, हेंही ठाउकें. मग दिवाण आणि पंच सदरेवर बसलियावर अंगणीं राख पसरली आणि बाईस दाराकडोन सदरेपर्यंत चालविली. महाराजांनीं फक्त ठसे पाहावे, ऐसें ठरलें. आणि पंच जेवावयास उठले. परंतु चेटकिणीस पाठ दाखविली तर मानगुटीस बसते, म्हणोन अवघे राखेवरोन मागचे मागें चालत बाहेर निघाले.

"दिवाणजी, मागें खांब आहे हो!" गोजाबाई वदली.

"गप! भूल घालतेस!" म्हणोन दिवाण खांबावर आदळले.

मग महाराज वामकुक्षी आटपोन आले, तों अवघ्या ठशांचीं बोटें सदरेकडे आणि सदरेवर गोजाबाई एकटी.

"इतके जण आंत आले, ते कोठें?"

द्वारपाल म्हणाला, "सरकार, ते तर बाहेर गेले."

"बाहेर गेले आणि पाउलें आंत? उलटीं पाउलें! धरा!"

दिवाण आणि पंच खरकट्या हातीं आणिले. "महाराज, आम्ही मागें चाललों!"

"चेटकीण ऐसेंच म्हणते. घरें जाळा, शेरड्या जमा करा. ज्यांस नसतील त्यांनीं विकत घेऊन जमा कराव्या!"

मग दिवाणांनीं धांवोन गोजाबाईचे पायीं डोई ठेविली. "माय, तूंच सोडव!"

"दिवाणजी, पाय पाहिलेत ना? डोळे शाबूत?"

"शाबूत, माय."

"कैसे आहेत पाय?"

"सुलटे. टाचेस भेगा मात्र आहेत."

मग ती महाराजांस म्हणाली, "सरकार, हे भिऊन मागचे मागें गेले, दुसरें कांहीं नाहीं."

महाराज हिरमुसले. "मग आमचे राज्यीं चेटकीण कोण?"

"राख झाडून घ्या, सरकार. मग कोणी नाहीं."

राख झाडली. गोजाबाई शेरड्या हांकीत झोंपडीस गेली. पंच सुटले, परंतु त्यांच्या बायकांनीं पाय पाहिल्याविना कोणास घरांत घेतलें नाहीं. येणेंप्रमाणें चेटकिणीचा बंदोबस्त जाहला. इति.