चवीनं खोदणारे दगाआप्पा

दगाआप्पा जमिनीतून निघालेली वस्तू आधी जिभेला लावत. "हाड जीभले चिकटस, दगड नही," हा माझा उत्खननातला पहिला धडा. मी ओकायच्या बेतात, आणि हे तोंडातली तंबाखू थुंकून पुढची चव घ्यायला मोकळे!

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. तापीकाठच्या टेकाडावर उत्खनन चालू होतं नि मी तिथं तीन महिन्यांचा उमेदवार. काम जमलं तर नोकरी, नाहीतर घरी. शिकवायचं उत्खनन चालवणाऱ्या साहेबांनी, पण शिकवलं मुकादम दगाआप्पांनी. अक्षरशत्रू माणूस, पण मातीचा रंग बदलला की त्यांची कुदळ हवेतच थांबायची. हजारो वर्षांपूर्वी मेलेली माणसं म्हणजे त्यांचे शेजारीच. वाकडं गाडगं निघालं की म्हणत, "ह्या कुंभारनी बायको माहेरले गयेल व्हती, दखा!" मी घाई केली की, "धीर धर. त्या काय पळी नही ऱ्हायनात."

एके दिवशी मी शहाणपणा केला. दोन खड्ड्यांतली खापरं एकाच घमेल्यात धुतली. चिठ्ठ्या भिजून लगदा. कुठलं खापर कुठल्या खड्ड्यातलं, देव जाणे! माझी पाचावर धारण बसली. अंदाजानं दोन ढीग करून नव्या चिठ्ठ्या लिहायला बसलो, तोच आप्पा मागे उभे.

"भाऊ, मरेल माणूसनं घर बदलू नको. त्याले सांगता येत नही."

साहेबांकडे मला त्यांनीच नेलं. साहेब कडाडले. आप्पा म्हणाले, "पोऱ्याले मी शिकाडं नही. मले काढा." साहेबांनी घमेलं बाद केलं, आम्हा दोघांना ठेवलं. आप्पांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

बाहेर आल्यावर विचारलं, "आप्पा, माझ्यासाठी स्वतःचं काम कशाला पणाला लावलंत?"

ते नदीकडे बघत राहिले. "मन्हं घर पूरमा गयं. बायको, पोर, समदं. कोठे व्हतं, मले सोडी कोनलेच ठाऊक नही. मन्हा मांगे कोन सांगी? तुले लिखता येस."

रविवारी टेप नि कागद घेऊन मी त्यांच्याबरोबर काठावर गेलो. एका चिंचेपासून पावलं मोजत त्यांनी दार दाखवलं, चूल दाखवली. मी मापं घेत गेलो. मधेच ते एका जागी उकिडवे बसले आणि वाळूवरून हात फिरवत राहिले.

"आठे पोरना झोका व्हता," म्हणाले. "लिखी ले, भाऊ."