नामंजूर व्हायचा राजीनामा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पक्ष कार्यालयात चिंतन बैठक भरली. विजय इतका गृहीत धरला गेला होता की भिंतीवरचा अभिनंदनाचा फलक उतरवायचेही कुणाला सुचले नव्हते. त्या फलकाखाली माणसे विझलेल्या दिव्यांसारखी काळवंडून बसली होती.

अध्यक्षांना राजीनामा द्यायचा होता; म्हणजेच खुर्ची टिकवायची होती. पक्षाची रीतच तशी होती. अध्यक्षांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून उठायचे, मागच्या रांगेतून चिटणिसाने “हे आम्हाला मान्य नाही!” अशी आरोळी ठोकायची, मग सर्वांनी ओरडायचे, आणि अध्यक्षांनी या प्रेमापुढे हतबल होऊन पुन्हा बसायचे. चिटणीस हा अध्यक्षांचा सख्खा मेहुणा. आरोळीसारखी जोखीम परक्यावर टाकण्याजोगी नव्हती.

अध्यक्ष उठले. त्यांचा कंठ दाटून आला. या खेपेला तो आणावा लागला नाही.

“मी राजीनामा देतोय,” ते म्हणाले आणि थांबले.

कुणीच ओरडले नाही.

मेहुणा तेव्हा फाटकाशी होता. विजयी मिरवणुकीचे बँडवाले ठरल्या वेळी हजर होऊन वाजवू लागले होते, आणि निकाल हा आपला विषय नाही असे त्यांचे म्हणणे होते. आत सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. आधी कुणी ओरडल्याशिवाय ओरडण्याची त्यांना सवय नव्हती.

ती शांतता उपाध्यक्षांना सोसेना. “दादा जाणार असतील तर मीही जातो!” ते म्हणाले. आता तरी कुणी ओरडेल, असा त्यांचा अंदाज.

“मग मी एकटा इथं काय करू?” खजिनदार उठले. मागे राहील त्याच्या गळ्यात पराभव पडणार, हे उरलेल्यांच्याही ध्यानात आले. बँड थांबवून मेहुणा आत आला तोवर सगळ्यांनी राजीनामे दिले होते; खोलीत माणसे तेवढीच होती, पदाधिकारी मात्र एकही शिल्लक नव्हता.

“कुठे उलथला होतास?” अध्यक्ष दातांतल्या दातांत म्हणाले. “ओरड!”

“हे आम्हाला मान्य नाही!” मेहुणा ओरडला.

“नुसत्या ओरडण्यानं आता भागत नाही, बाबा,” उपाध्यक्ष थकून म्हणाले. “राजीनामा नामंजूर करायला पद लागतं. पदावर तू एकटाच उरलायस.”

मेहुण्याचे पाय दुखत होते. समोर अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. तो तिच्यात बसला.

“बरं. आपल्या नियमात कारण विचारावं लागतं. दाजी, आपण का हरलो?”

“हे काय विचारणं झालं?”

“चिंतन बैठक आहे ना?”

विरोधकांचा अपप्रचार, मतदारांची दिशाभूल, सारे शब्द अध्यक्षांच्या जिभेवर तयार होते. पण जीभच थकली होती.

“लोकांना माझा कंटाळा आला होता,” ते हळूच म्हणाले. “प्रत्येक सभेत तेच भाषण. पहिल्या रांगेतली एक बाई माझं वाक्य माझ्याआधी पुटपुटायची. एकदा मी अडखळलो, तर तिनंच पुढचं सांगितलं. खरं सांगू? मलाही आलाय रे कंटाळा. केव्हाचा.”

इतक्या वर्षांत त्या खोलीत प्रथमच कुणी काही कबूल केले होते. खोलीला ते कसे झेलावे कळेना. मेहुण्याने दाजींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले.

“मंजूर,” तो म्हणाला.

“काय?”

“घरी जा, दाजी. झोपा जरा. ताईला मी सांगतो.”

अध्यक्ष दारापर्यंत गेले. सवयीने त्यांची पावले मंदावली, कान मागे लागले. कुणी ओरडले नाही. मग ते उंबरा ओलांडून उन्हात उतरले, आणि खांद्यांवरून काहीतरी उचलले गेल्यासारखे, कधी नव्हे ते, झपझप चालू लागले.

खिडकीतून उपाध्यक्ष त्यांच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या नजरेत हेवा होता. मग ते लगबगीने खुर्चीजवळ आले.

“माझंही अगदी तेच कारण आहे बघ. मलाही फार म्हणजे फारच कंटाळा आलाय.”

“नामंजूर,” मेहुणा डोळे मिटून म्हणाला. “सगळेच सुटलात, तर पुढच्या वेळी हरायचं कुणी?”