चहा नको, भरपाईही नको

मनूचेहर आगांनी मुलीच्या संसाराच्या सामानाचे पैसे शेअर बाजारात घातले, तेव्हा इराणमधल्या अख्ख्या यज्द शहरात त्यांच्याइतका जाणकार माणूस दुसरा नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. हे गृहस्थ वीज खात्यात आयुष्यभर मीटर तपासून निवृत्त झालेले. खरबूज घ्यायचं तर गाड्यावरच्या प्रत्येक खरबुजावर टिचक्या मारून पाहणार आणि शेवटी न घेताच घरी येणार. शेअर मात्र त्यांनी टीव्हीवर बोलायला आलेला एक पाहुणा फार हसतमुख दिसला म्हणून घेतले. भाव चढत होते तोवर तो त्यांचा अभ्यास होता. भाव कोसळले तेव्हा ती सरकारची चूक झाली.

शीवाचं लग्न शरद ऋतूत होतं. फ्रिजपासून चमच्यापर्यंत सगळं घर मुलीच्या बापाने भरून द्यायचं असतं, आणि बापाजवळ आता फार तर चमच्यांपुरते पैसे उरले होते. व्याही गालिच्यांचे व्यापारी. येत्या शुक्रवारी ते सामानाचं बोलायलाच येणार होते. त्याआधी काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मनूचेहर आगांनी सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्जात त्यांनी स्वतःला ‘देशाच्या हाकेला धावून गेलेला नागरिक’ असं म्हटलं होतं. फायदा झाला असता तर कोणाच्या हाकेला धावले होते, हे त्यांना आठवलं नसतं.

तलअतला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्जाची काळजी नव्हती. काळजी होती नवऱ्याची. समोरच्याने काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको म्हणायचं, आणि त्याने पुरती गळ घातली की नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून घ्यायचं, हा तआरोफ सगळं शहरच पाळतं. मिठाईवालासुद्धा पैसे घेताना ‘राहू द्या, दुकान तुमचंच आहे’ म्हणतो आणि हात पुढे करतो. पण मनूचेहर आगांच्या तो अंगातच भिनला होता. एकदा तर दात काढायला गेले असताना डॉक्टरने ‘बसा’ म्हटलं, तेव्हा ‘आधी तुम्ही’ म्हणत ते उभेच राहिले होते.

म्हणून तलअतने न्याहारीच्या वेळी त्यांची तालीम घेतली. ती झाली साहेब.

“काय हवंय तुम्हाला, आगा?”

“तुमची कृपा असू द्या, बस.”

“कृपेत कपडे धुता येतात का? वॉशिंग मशीन हवंय ना? पुन्हा म्हणा. पैसे हवेत.”

“पैसे हवेत,” मनूचेहर आगा म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. तिने हे त्यांच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं, की शेवटी शीवाही आतून “पैसे हवेत” म्हणू लागली.

लोकभेटीच्या दिवशी ते कुत्ताब नावाच्या मिठाईचा एक डबा घेऊन कचेरीत गेले. साहेबांना सगळे डॉक्टर म्हणत. ते कशाचे डॉक्टर आहेत, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. बाजूला एक कारकून टिपणं घेत बसला होता. डॉक्टरसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. रडायला काही आलेलं नव्हतं, पण पुसले. मग छातीवर हात ठेवून ते खुर्चीतून अर्धे उठले.

“आगा, मला माझीच लाज वाटते. तुमचं नुकसान ते माझं नुकसान. मी सगळं भरून देतो.”

इथे ‘द्या’ म्हणायचं होतं. एवढंच पाठ करून आले होते. पण समोरचा माणूस उठलेला पाहून मनूचेहर आगा आपोआप उठले, त्यांचा हात आपोआप छातीवर गेला, आणि तोंड तर हाताच्याही आधी उघडलं होतं.

“छे छे, डॉक्टरसाहेब, काय बोलता. तुमचा शब्द मिळाला, मला सगळं पोचलं.”

“ते काही नाही. घ्यायलाच हवं.”

“मला लाजवू नका. तुमच्यापुढे पैशाची काय किंमत.”

“मग माझ्या खिशातून घ्या,” असं म्हणून डॉक्टरसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगाच टेबलावर ठेवला. “खाली माझी गाडी उभी आहे. विका, आणि मुलीचं लग्न करा.”

“तुमच्या जिवाची शपथ, एक तोमान घेणार नाही. तुमच्यावरून ओवाळून टाकले मी ते पैसे.”

आता रीतीप्रमाणे डॉक्टरसाहेबांनी एकदा शेवटची गळ घालायची होती. मनूचेहर आगांनी नाइलाजाचा चेहरासुद्धा तयार ठेवला होता. पण डॉक्टरसाहेब खाली बसले आणि कारकुनाकडे वळले.

“लिहिलंस?”

“हो साहेब. भरपाई देऊ केली. अर्जदाराने शपथेवर नाकारली.”

सहीसाठी डॉक्टरसाहेबांनी स्वतःचं पेन दोन्ही हातांनी पुढे केलं. अशा पेनाला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मनूचेहर आगांनी सही केली. किल्ल्या पुन्हा खिशात गेल्या. मिठाईचा डबा मात्र डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच खेपेला घेतला.

बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याने विचारलं, “तुम्हालाही गाडी देत होते का?” मनूचेहर आगा तसेच पुढे निघाले. माणसं चांगुलपणाची चेष्टा करतात, याचं त्यांना वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी तलअतला सगळं कौतुकाने सांगितलं. केवढा मोठा माणूस, स्वतःची गाडी देत होता म्हणाले. गाडी कुठे आहे, असं तिने विचारलं. मग तिने हातातला डाव खाली ठेवला आणि ती खुर्चीवर बसून रडली. तिच्या लग्नातल्या बांगड्याही त्या पैशांत होत्या. मनूचेहर आगा तिला समजवायला गेले, तेव्हा तिने त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

दोन दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. सर्व अर्जदारांना भरपाई देऊ करण्यात आली, पण उदार नागरिकांनी ती घेण्यास नम्रपणे नकार दिला. खाली मनूचेहर आगांचं नाव होतं. या माणसाने त्याच्या दोन प्रती विकत घेतल्या.

एक प्रत व्याह्यांच्या घरीही गेली होती. सरकारचे पैसे नाकारणाऱ्या घरात काय कमी असणार, असा विचार करून नवऱ्या मुलाची आई, इफ्फत खानम, शुक्रवारी व्याह्यांबरोबर मोठ्या खुशीत आली. चहा झाला, काकड्या सोलायला घेतल्या, आणि मग ती गोड हसून म्हणाली, “सामानबिमान काही नको हो. आम्हाला फक्त मुलगी द्या.”

यावर मुलीच्या बापाने ‘असं कसं, रिकाम्या हाताने पाठवू का’ म्हणायचं आणि मग एकेक वस्तू ठरत जायची, अशी पूर्वापार पद्धत. मनूचेहर आगांनी त्यासाठी श्वासही घेतला होता. तेवढ्यात टेबलाखाली तलअतची टाच त्यांच्या बोटांवर आली.

“बरं,” तलअत म्हणाली. “तुमचा शब्द आमच्या शिरावर.”

व्याह्यांची सुरी काकडीत अर्धीच थांबली. इफ्फत खानम म्हणाली, “म्हणजे, माझं काही नाही. पण लोक काय म्हणतील.”

“लोकांना मी सांगेन. इफ्फत खानमनी स्वतः नको म्हटलं, इतक्या मोठ्या मनाची माणसं आहेत म्हणून. शीवा, तू ऐकलंस ना?”

“ऐकलं, आई,” शीवा म्हणाली. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला होता आणि ती प्रथमच हसत होती.

बोललेला शब्द परत घ्यायची सोय नव्हती. पाहुणे उठले. दारात जाऊन बूट घालू लागले. तलअतला इतकं हलकं वाटत होतं, की दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक पाहुण्याला लग्न झाल्यापासून ती जे म्हणत आली होती, आणि जे ऐकून आजवर एकही पाहुणा थांबला नव्हता, ते तिच्या तोंडून सहज निघून गेलं.

“अशा कशा जाता? जेवूनच जा.”

आत चुलीवर तिघांपुरती डाळ होती. इफ्फत खानमने एक बूट घातला होता. तिने तलअतकडे नीट पाहिलं आणि तो बूट पुन्हा काढला.

“बरं,” ती म्हणाली. मग आत जाऊन तिने मघाचीच खुर्ची घेतली आणि थोरल्या मुलाला फोन लावला. “सगळ्यांना घेऊन इकडेच ये. हो, मुलांनाही आण. तलअत खानम ऐकतच नाहीत.”