तळमजला, मऊ भात आणि लंडन

"विलायतेला जाऊन नातेवाइकांकडे उतरायचं, म्हणजे पदरचं तिकीट काढून चाकरीला जायचं!" असं जयवंत परुळेकरांचं ठाम मत होतं, आणि मुलुंडच्या श्रमसाफल्य सोसायटीच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते मांडायची त्यांना सवय होती.

पुरावा दुसऱ्या मजल्यावरच राहत होता. लवू सावंत गेल्या साली पुतण्याकडे लंडनला गेले, महिनाभर सोफ्यावर झोपले, पुतण्याच्या जुळ्यांची गाडी ढकलत फिरले आणि लंडनपैकी फक्त जुळी बघून परत आले!

"आम्ही हॉटेलात उतरणार," परुळेकर जाहीर करत. "स्वस्त, आरामशीर, आणि कुणाचं काम नाही की धाम नाही!"

"सरकार देतं तेवढ्या चिमूटभर परकीय चलनात?" त्यांच्या पत्नी नलिनीबाई विचारत.

"अगं, मागणी बरोबर असली की माल बरोबर येतो."

हे त्यांचं जीवनसूत्र होतं. साकीनाक्याच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं स्टोअरकीपरी केली होती. साधा खिळा मागवायचा तरी लांबी, जाडी, डोक्याचा व्यास असं सगळं लिहून मागवणारा माणूस! त्याच शिस्तीत त्यांनी लंडनच्या खोलीची मागणी लिहायला घेतली. तळमजला हवा, गुडघे साथ देत नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडी हवी. भात मऊ हवा, दात पाहुणे आहेत. रात्रीचं जेवण सातला, नवानंतर शांतता. शक्यतो डॉक्टर हाकेच्या अंतरावर.

कारखान्यातला त्यांचा जुना दोस्त, मरोळचा ग्रेगरी, हे टाइप करता करता थांबला.

"जयवंत, तुला हॉटेल पायजे की हॉस्पिटल?"

"तू टाइप कर रे!"

ग्रेगरीची बहीण व्हायोलेट लंडनला नर्स होती. कागद तिच्याकडे गेला आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं. 'मी नोकरी करते तिथेच तुमची सोय होईल. तुमची यादी आमच्या मेट्रनबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, आमच्या जागेचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. जूनमध्ये महिनाभर एक खोली रिकामी आहे.' आणि भाडं म्हणाल, तर लंडनच्या हॉटेलवाल्याने तेवढ्यात नुसती उशी दिली असती!

"बघितलंस?" परुळेकर म्हणाले. त्या दिवशी ते घरात चालत नव्हते, तरंगत होते.

सोबत चार पानी फॉर्म होता. स्टोअरकीपर कधी मथळा वाचत नाही, तो थेट रकान्यांवर जातो. परुळेकर रकाने भरत सुटले.

"दात स्वतःचे की बसवलेले, असं विचारलंय. किती बारकाई!"

"हॉटेलवाल्यांना काय करायचेत तुमचे दात?"

"मऊ भातासाठी गं! पुढे... रात्री उठून भटकण्याची सवय आहे काय? नाही. बरं-वाईट झाल्यास दफन की दहन? याला म्हणतात व्यवस्था! आपल्याकडच्या लॉजात धड टॉवेल विचारत नाहीत."

"अहो, मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही."

"दहन," परुळेकरांनी लिहिलं, आणि विचार करून पुढे जोडलं, "चंदनाचा तुकडा मिळाल्यास बरे."

शेवटी अर्जदार शांत स्वभावाचा आहे, असं एका प्रतिष्ठित शेजाऱ्याने लिहून द्यायचं होतं. परुळेकर वनमालाबाईंकडे गेले. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या बाई मथळ्यापासूनच वाचायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"परुळेकर... हा वृद्धाश्रम आहे."

परुळेकरांनी फॉर्म ओढून घेतला आणि मथळा पहिल्यांदाच वाचला. पण तिन्ही मजल्यांना ऐकवलेला माणूस माघार कशी घेणार?

"मला माहीत आहे!" ते ताठ मानेने म्हणाले.

वनमालाबाईंनी सही केली. त्यावर दोन थेंब पडले.

संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. बँकेतून परतलेला परुळेकरांचा मुलगा चंद्रप्रकाश, हातात दुधी घेऊन, फाटकातून आत शिरला. सोसायटीचे सेक्रेटरी काशीराम यांनी त्याला तिथेच अडवलं.

"आईबाप जड झाले, क्काय?"

"कोणाला?"

"आणि टाकायचं तर ठाण्यात टाकायचं रे! थेट लंडन? चालत परत येऊ नयेत म्हणून?"

आठवड्याभरात चंद्रप्रकाशशी दूधवालासुद्धा बोलेना. उलट चार महिने उत्तर न देणाऱ्या घाटकोपरच्या स्थळाकडून मात्र तडकाफडकी होकार आला! मुलीच्या आईने फोनवर फक्त एकच गोष्ट तीनदा विचारली, "नक्की दोघंही जातायत ना?"

आणि एका सकाळी दारात मालवणचे थोरले भाऊ दत्ताराम उभे! कुणीतरी त्यांना तार केली होती. त्यांनी कोकमांची पिशवी जमिनीवर आपटली.

"काय रे जयवंता, झिलान तुका घराभायर काढल्यान? आमी मेलंव काय?"

"दादा, तसं नाही, एकच महिना..."

"एक म्हयनो नाय, एक दीस नाय! तिकीट फाड!"

दारात अर्धी सोसायटी जमली होती. चंद्रप्रकाश मोरीत तोंड लपवून बसला होता. परुळेकरांचा हात खरोखरच तिकिटांच्या पाकिटाकडे गेला. एवढ्यात नलिनीबाई स्वयंपाकघरातून लाटण्यासकट बाहेर आल्या.

"खबरदार! तीस वर्षं या घरात मी गणपती केले, बारशी केली, तुम्हा सगळ्यांची पथ्यं सांभाळली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला महिनाभर आयतं वाढणार आहे, दिवसातनं चार वेळा! मग तो वृद्धाश्रम असो नाहीतर तुरुंग. मी जाणार! हे आले तर आले!"

दत्तारामांनी जमिनीवरची कोकमांची पिशवी उचलली. मग खाकरून म्हणाले,

"थंय आणखी एक खोली गावतली काय?"

जूनमध्ये दोघं गेली. जुलैत परत आली, तेव्हा बघायला सगळी सोसायटी परुळेकरांच्या खोलीत लोटली. नलिनीबाईंचे गाल चांगले वर आले होते. "अगं, खुर्चीतनं उठू देत नव्हते!" त्या वनमालाबाईंना सांगत होत्या. "मऊ भात, वर कस्टर्ड! आणि दुपारी पत्ते!"

परुळेकर मात्र निम्मे झाले होते. प्रकार असा, की तिथल्या मंडळींचं सरासरी वय होतं शहाऐंशी. एकसष्ट वर्षांचा माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता! पहिल्याच सकाळी एका आजीबाईंनी हाक मारली, "यंग मॅन, एवढं झाकण उघडून देतोस?" पस्तीस वर्षांनी कुणीतरी तरुण म्हटलेलं, परुळेकर विरघळले. झाकणानंतर वर्तमानपत्रं आली, मग लोकरीची गुंडाळी, मग चाकाच्या खुर्च्या. अकरा आजीबाई! आणि त्यांना रोज फिरवायची बाग टेकडीच्या माथ्यावर.

"मग परुळेकर?" लवू सावंतांनी अगदी निरागसपणे विचारलं. "कसं काय वाटलं लंडन?"

परुळेकरांनी दोन्ही गुडघे चोळले.

"चढ फार आहे हो," ते म्हणाले.