गोळीनंतरची तोंडी परीक्षा

स्मृतिभ्रंश हा असा एकमेव आजार आहे, ज्याची तपासणी डॉक्टर सहा महिन्यांनी करतो आणि गाव रोज करतं. आचरा गावाने या कामी दाखवलेली तत्परता आदर्श म्हणावी लागेल.

भिकाजी तांडेलांचा जन्म समुद्रावर होड्या हाकण्यात गेला. अलीकडे ते आंघोळ करून पुन्हा आंघोळीला निघत. बायको सुभद्रा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, "गेलेलं परत येणार नाही. आहे ते काही काळ टिकलं तर टिकेल." हे वाक्य वाडीत पोचेपर्यंत 'गोळी घेतली की सगळं आठवतं' एवढंच उरलं. (या विसराळूपणाबद्दल कोणालाही गोळी देण्यात आली नाही.)

सकाळी पेज, पेजेवर गोळी, गोळीवर परीक्षक असा क्रम पडला. पहिला मान शेजारच्या गंगारामाचा.

"भिकाजी, माका वळाखलंस काय रे?"

"येवा, बसा. च्या घेवा," भिकाजी म्हणत.

"वळाखल्यान!" गंगाराम वाडीभर सांगत सुटे.

बाकीचे मात्र इतके दयाळू नव्हते. त्यांना नाव हवं असे, बापाचं नाव हवं असे; एकाने तर आपल्या म्हशीचं विचारलं. शंभरातले नव्वद परीक्षक भिकाजींना नापास करून गेले. उरलेल्या दहांना चहा आवडला. गोळी बोगस आहे, यावर मात्र एकमत होतं. प्रश्न आला की भिकाजी पंच्याचं टोक पिळत खाली बघत.

एका सकाळी त्यांनी गोळी थुंकून टाकली आणि गवताच्या उडवीमागे जाऊन बसले.

"असा काय करतास? गोळी घेवा," सुभद्रा म्हणाली.

"नको गो. ती खाल्ली काय माणसां इचारूक येतत."

हा दुष्परिणाम वेष्टनावर छापलेला नव्हता. सुभद्राला तो जागच्या जागी पटला. त्या दिवसापासून तिने दारातच नियम लावला: येणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं, मग बसायचं, आणि विचारायचं काहीच नाही. वाडीचा मोठा अपमान झाला. गर्दी ओसरली. भिकाजी पुन्हा मुकाट गोळी घेऊ लागले.

चतुर्थीला मुंबईहून मुलगा प्रीतम आला. दारापुढच्या खळ्यातूनच ओरडला, "बाबानू, मी कोण?"

"आधी नाव सांग," सुभद्रा म्हणाली.

तो हसला. मग जवळ जाऊन हळूच म्हणाला, "मी प्रीतम. तुमचो झील."

भिकाजींनी त्याला आदराने खालीवर न्याहाळलं. "माझो झील मुंबैक आसता. तेका सवड गावत नाय. तुमी इलास, बरा झाला. जेवन जावा."

प्रीतम जेवला. हात धुताना त्याने तोंडही बराच वेळ धुतलं. नंतर बापाच्या हातावर पाण्याचा तांब्या आणि गोळी त्यानेच ठेवली, आणि चार दिवसांची रजा आठ दिवसांची केली.

हे वाचताना तुम्हालाही घरचं कोणीतरी आठवलं असेल. 'रविवारी नक्की फोन करू' असं मनाशी ठरवूनही झालं असेल, मागच्या रविवारी ठरवलं होतं तसंच. काळजी घ्या. सुभद्रा सांगते, भिकाजींचंही असंच सुरू झालं होतं.