फुलीखालची पोत

जमिनीच्या पोटात काहीतरी आहे, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. नेमके कुठे, एवढाच प्रश्न असतो. सोनगीरजवळच्या एका गावात हा प्रश्न निवृत्त ग्रामसेवक अभिमन आबांनी मनावर घेतला आणि ऑनलाइन धातुशोधक यंत्र मागवले. (काहीतरी छंद लावून घ्या, असे डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या मनात भजन होते.)

आबांची कार्यपद्धती शिस्तीची. यंत्र आडवे फिरवायचे, वाजले की चुन्याची रेघ. मग काटकोनात वळून उभे फिरवायचे, पुन्हा रेघ. दोन्ही रेघा छेदतील त्या फुलीवर खणायचे. अकरा दिवसांत चौसष्ट फुल्या झाल्या. पैकी बाटल्यांची बुचे एकेचाळीस, खिळे वीस, बैलाचा नाल एक, पाणीयोजनेच्या उद्घाटनाचा फलक एक आणि त्याच योजनेचा पाइप एक (तो फुटल्यावर ओळखू आला). नेम एकदाही चुकला नाही. निघाले तेच चुकीचे होते, त्याला यंत्र काय करणार?

बाराव्या दिवशी गल्लीतली रत्ना आली. चौदा वर्षांपूर्वी तिच्या सासूची, भिकुबाईंची, सोन्याची पोत नाहीशी झाली होती. चौकशी तत्परतेने झाली: घरात नवीन माणूस एकच, सबब चोरही तोच. तेव्हापासून स्वयंपाक, धुणी, कापूस वेचणी सगळे रत्नाकडे. सासूच्या खोलीत पाऊल टाकायला मात्र मनाई.

"आबा, आमना आंगनमा यंत्र फिरावा," ती म्हणाली. "न्हानीपाईन सुरू करा."

न्हाणीच्या दगडाशीच यंत्र वाजले. तरी आबांनी दोन्ही रेघा मारल्याच. चार बोटे खोलीवर पोत निघाली; धागा कुजलेला, सोने जसेच्या तसे. सबंध नोकरीत आपण कोणाच्या उपयोगी पडलो नव्हतो, हे आबांना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले.

भिकुबाईंनी पोत पदराने पुसली, गळ्याशी धरून पाहिली. "मनीच शे," त्या म्हणाल्या. "पन तठे पुरी कोनी?"

पुरणारे कोण ते ठरल्यासारखा रत्नाचा नवरा प्रेमराज तिच्याकडे वळला. "तुले जागा कशी माहीत?"

"मनी पेटी तुम्ही तीन डाव धुंडी," रत्ना म्हणाली. "सासू जठे रोज आंघोळ करस, तठे कोनीच नही धुंडं."

धागा तुटून पोत चिखलात रुतली असेल, असे आबांनी परोपरीने सांगितले. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि ठरवले, की यंत्र जागा दाखवते, माणूस दाखवत नाही. म्हणून पूर्वीचा निर्णय कायम, शिवाय आता पुरावाही हाती आला. अचूक कामगिरीबद्दल आबांना नारळ देण्यात आला. आबांनी तो घेतला नाही. रत्नाने खड्डा बुजवला आणि धुणे भिजत घातले.

आता तुम्ही म्हणाल, काय हे अडाणी गाव. अगदी बरोबर. फक्त हिला जागा कशी ठाऊक, हा प्रश्न तुम्हाला प्रेमराजच्या आधी पडला होता की नंतर, एवढे मनातल्या मनात सांगा.