आबान महिन्यातला एक दिवस

शशिकांतचं पत्र येऊन आठ वर्षं झाली होती आणि नामदेवरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. "आपल्या प्रोग्राममध्ये आबान महिन्याच्या तारखेतून एक दिवस वजा करणारी ओळ तू घातली आहेस. का घातलीस ते लेखी कळव."

जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत दोघांनी समोरासमोरच्या टेबलांवर नोकरी संपवली होती. निजामाच्या काळातल्या कागदांवरच्या, आबानसारखे महिने असलेल्या फसली तारखा इंग्रजी तारखांत बदलणारा प्रोग्राम त्यांनी मिळून लिहिला होता. शशिकांतला तोंडी विचारायची सवयच नव्हती. समोर बसलेल्या माणसालाही तो चिठ्ठी पाठवायचा. नामदेवरावांची अडचण अशी की ती ओळ का घातली हे त्यांना आठवत नव्हतं, आणि 'आठवत नाही' असं लिहायला हात धजत नव्हता. आधी आठवू, मग लिहू, म्हणता म्हणता सहा महिने गेले. सहा महिन्यांनी पाठवायचं उत्तर निदान चांगलं तरी हवं, म्हणून आणखी वर्ष गेलं. पुढे शशिकांत भेटेल या धास्तीने त्यांनी अंबरपेठच्या बाजारात जाणंच सोडलं, कारण शशिकांत अंबरपेठेत राहायचा. घराजवळच्या, विद्यानगरच्या गाडीवरची सुकलेली मेथी ते मुकाट्याने खात होते. पत्नी गेल्यापासून त्या मेथीला नावं ठेवणारंही घरात कुणी उरलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर माधवी राहायची, नोकरीसाठी पुण्याहून आलेली. ती एकदा डबा परत द्यायला वर आली, तेव्हा नामदेवरावांनी तीन दिवस मनात घोकलेलं वाक्य तिला ऐकवलं. "आमचा एक जुना प्रोग्राम होता. तो पुन्हा वाचायला मिळेल का?"

माधवीने त्यांच्या लॅपटॉपवर शोधलं. "अहो काका, हा तर नेटवर आहे. कुणालाही वापरता यावा म्हणून तुमच्या मित्राने लायब्ररी करून ठेवलीये. तुमचंपण नाव आहे."

"माझं?"

"आधी तुमचंच आहे."

नामदेवरावांनी चष्मा काढून पुसला. "पण यातलं काहीच वाचता येत नाही."

"हे मशीनसाठी असतं. माणसाने वाचायचं ते सोर्स, आणि समजावून सांगितलेलं असतं ते डॉक्युमेंटेशन. हे सगळं नेटवरून उतरवून जोडणारं बिल्ड टूल नुसतं मशीनचं आणतं. बाकीचंही आण, असं त्याला सेटिंगमध्ये सांगायला लागतं. मी दोन ओळी पाठवते, त्यात लायब्ररीचं नाव तेवढं टाका. माझा कॉल आहे आता."

नामदेवरावांनी त्या ओळी चारदा ताडून लिहिल्या. नावाच्या जागी मात्र ते अडले. आपला प्रोग्राम दुसऱ्या कुणाकुणाच्या लायब्रऱ्यांवर उभा. त्या न वाचता एकट्या आपलीच मागवायची? प्रस्तावना गाळून पुस्तक वाचणारे ते नव्हते. त्यांनी जागा कोरी सोडली.

कोरी जागा म्हणजे सगळं, असं टूलने धरलं. शशिकांतची लायब्ररी आली, ती ज्यांच्यावर उभी होती त्या आल्या, मग त्या ज्यांच्यावर उभ्या होत्या त्याही आल्या. दुपारभर पडद्यावर नावं सरकत होती आणि नामदेवराव हात जोडल्यासारखे करून समोर बसले होते. त्यांच्याकडे एवढं कुणी येऊन फार दिवस झाले होते.

पडद्यावर वाचलं की त्यांचे डोळे दुखत. त्यांनी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या खालेदभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात दिलं.

"सब का सब छापना?"

"हौ. एकीच बाजू. पीछे टिपणां लिखता मैं."

"कित्ते पन्ने रहते?"

"होंगे सौ-सव्वासौ," नामदेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालेदभाईंचा फोन आला. "नामदेवसाब, आपका काम कल से चल रा. दो मशीनां गरम हो गए. बच्चे हॉलटिकट लेको लाइन में खड़े, मेरेकू घूर रए. बंद करूं क्या?"

चूक झाली, थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. नामदेवरावांच्या तोंडून निघालं, "नक्को, चलने दो. जरूरी काम है."

तिसऱ्या दिवशी रिक्षातून तेवीस गठ्ठे आले. ते एकाच खेपेत वर न्यावेत म्हणून नामदेवरावांनी सगळे लिफ्टमध्ये रचले आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडे थांबली ती थांबलीच. सोसायटीचे सचिव प्रकाशराव लुंगी सावरत जिन्यात आले.

"काय हे? क्लास काढताय का? इथे क्लास चालत नाही, ठराव आहे तसा."

"क्लास नाही."

"मग?"

"संशोधन," नामदेवराव अगदी हळू म्हणाले.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: तिसऱ्या मजल्यावरील संशोधनामुळे लिफ्ट बंद आहे.

ती वाचून माधवी वर आली. लिफ्टमधून उपसून जिन्याने वर आणलेले गठ्ठे पलंगावर होते, दिवाणावर होते, जेवणाच्या टेबलाशी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर होते. पानांना आकडे नव्हते. शशिकांतची ओळ त्यात कुठे होती, देव जाणे.

"काका, लायब्ररीचं नाव नाही टाकलंत?"

नामदेवरावांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही. चूक झाली माझी."

छत काही कोसळलं नाही, जागेवरच होतं. माधवी फक्त म्हणाली, "होतं हो असं. आमच्याकडे रोज होतं. चहा टाकू का?"

चहा उकळेपर्यंत तिने लॅपटॉपवर 'आबान' शोधलं. ओळ लगेच सापडली. ओळीच्या डोक्यावर शशिकांतने टीप लिहून ठेवली होती. माधवी अडखळत वाचू लागली.

"ही ओळ नामदेवची आहे. कारण त्यालाच ठाऊक. त्याचं उत्तर येईपर्यंत हिला कुणी हात लावू नये." तिने पडदा खाली सरकवला. "खाली दरवर्षीची तारीख घालून लिहिलंय, उत्तर नाही. उत्तर नाही. पाचव्या वर्षी जरा जास्त आहे. उत्तर नाही. अंबरपेठ सोडलं. नवा पत्ता विद्यानगर, पोस्टासमोर."

नामदेवरावांनी बोटांवर मोजलं. तीन वर्षं मेथी उगाच खाल्ली होती.

"काका, दोन गल्ल्या तर आहेत. जाऊन सांगून या ना."

"विचारणा लेखी आहे," नामदेवराव म्हणाले.

त्यांनी एका गठ्ठ्यातलं पान ओढलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: "शशिकांत, ती ओळ का घातली ते मला आठवत नाही. बहुधा चूकच आहे. काढून टाक. उत्तराला उशीर झाला. चहाला ये, लिफ्ट बंद आहे. मागचं छापलेलं वाचू नकोस." पाकीट चिकटवून, तिकीट लावून ते सकाळी जिन्याने उतरले.

पोस्टाच्या पेटीसमोरच्या ओट्यावर एक म्हातारा वाटाणे सोलत बसला होता. नामदेवरावांनी त्याला ओळखायच्या आत त्याने ओळखलं.

"नामदेव? कुणाला पत्र?"

"तुला."

"मग आण इकडे."

नामदेवरावांचा हात जरा पुढे झाला. पण तो वाचत असताना समोर उभं राहायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"येईल पोस्टाने," ते म्हणाले.

"बरं," शशिकांत म्हणाला आणि सूप बाजूला सारून त्याने ओट्यावर एका माणसापुरती जागा केली.

नामदेवरावांनी पाकीट पेटीत सोडलं.